दरी आणि दाढ

तीन महिने मी डाव्या बाजूने जेवत होते. उजवीकडची खालची दाढ मधोमध चिरली होती. डॉक्टरबाईंनी ती कोरून तिच्यावर तात्पुरती कॅप बसवली आणि सांगितलं, “पंधरा दिवसांत पक्की बसवू.” पक्की कॅप बनवणार होता माझा मोठा भाऊ. दादा बावीस वर्षं दात बनवतोय. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल आहे. डॉक्टरबाई तोंडाच्या आत काम करतात, दादा तोंडाच्या बाहेर. प्लास्टरच्या नमुन्यावर आधी मेणाचा दात घडवायचा आणि मग त्या मापाचा पक्का दात करायचा, हे त्याचं काम.

माझ्या दाढेचा नमुना त्याच्या टेबलावर पोचला आणि त्याच आठवड्यात त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. उजवा डोळा ठणठणीत राहिला. डाव्याला आता फक्त उजेड कळतो, दुधी काचेतून कळावा तसा.

एका डोळ्याने वाचता येतं, माणसं ओळखता येतात. अंदाज जातो तो जवळच्या अंतराचा. दादाने ओतलेला चहा कपाशेजारी पडायचा. जिना संपल्यावरही तो आणखी एक पायरी शोधायचा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की मेंदू हळूहळू दुसऱ्या खुणांवरून अंतर ओळखायला शिकतो, काही महिने लागतात. दादाने काही महिने थांबायला हवं होतं. तो दीड महिन्यातच टेबलाशी जाऊन बसला. गरम मेणाचा पहिला थेंब दाताच्या कडेवर पडायचा तो अलीकडे पडला. दुसरा पलीकडे. तिसरा बोटावर. त्याच्या कामात केसाच्या जाडीइतकी चूकसुद्धा माणसाच्या जिभेला कळते. त्याने हत्यारांवर फडकं टाकलं आणि घरी आला.

“डोळा चुरचुरतोय,” त्याने आम्हाला सांगितलं. “पुढच्या आठवड्यात जाईन.”

असे पाच पुढचे आठवडे गेले. मेणाच्या थेंबांचं आम्हाला डॉक्टरबाईंकडून कळलं.

“तुमची कॅप मी दुसरीकडून करून घेते,” त्या मला म्हणाल्या.

“मी दादाकडूनच घेणार.”

“मग दाढ गमवाल. तात्पुरत्या कॅपखाली पाणी झिरपायला लागलंय.” त्यांनी हातमोजे काढले. “महिनाअखेरपर्यंत थांबते. तुमच्या दाढेसाठी आणि त्यांच्या टेबलासाठीही. मग मात्र मला माणूस बघावा लागेल. कामं साचलीत हो. मी तरी काय करू?”

त्यांचं चुकत नव्हतं. हे त्यांनी दादालाही फोनवर सांगितलं होतं. तो “बघू” म्हणाला होता. महिना संपायला तेवीस दिवस होते.

मी दादाच्या वरच्या मजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून खाली गेले, तर वहिनी गॅलरी झाडत होत्या. कोपऱ्यात काचेची टाकी होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. शेजारी दगडांनी भरलेली बादली आणि मातीची दोन पोती.

“दोन वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या. “डॉक्टरबाईंच्या वेटिंगरूमसाठी पाण्यातलं जंगल करून देणार होते तुमचे बंधुराज. बाईंनी भिंतीशी स्टूलसुद्धा करून घेतलंय. त्यावर आता जुनी मासिकं बसतात.”

“मी करू का?”

“करा बाई. निदान गॅलरी तरी मोकळी होईल.”

खरं सांगायचं तर त्यामागे काही डाव नव्हता. दादाचं एक काम तरी अपुरं राहू नये, एवढंच मनात होतं. टाकी आम्ही बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता. त्याने मान वळवली नाही.

मी वजनं आणि मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुणाचा किलो खरा, कुणाचा मीटर खोटा, हे ठरवणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे मी रीतसर सुरुवात केली. प्रत्येक दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकले. ज्या दगडात चुना असतो तो फसफसतो, आणि असा दगड पाण्यात विरघळत राहून पाणी जड करतो. नऊपैकी दोन दगड फसफसले, ते बाजूला ठेवले. मग टाकीत माती पसरली, पुढे चार सेंटिमीटर, मागे आठ. लांबीचे ठरावीक भाग पाडून काचेवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मोठा दगड बरोबर खुणेवर ठेवला. बाकीचे सहा त्याच्या दोन्ही बाजूंना, उतरत्या उंचीने.

रेडिओ बंद झाला.

“हे काय आहे?” दादाने विचारलं.

“डोंगर.”

“हा जबडा आहे. ही सुळ्याची जागा, ह्या दाढा. मधल्याला कीड लागलीये, त्याच्यावर कॅप बसवायची का?”

स्वयंपाकघरातून वहिनी हसल्या. मीही पाहिलं. खरोखर जबडाच होता.

“आणि माझा तो पांढऱ्या शिरांचा दगड कुठाय?”

“फसफसला. बाजूला काढलाय.”

“काढलास? सगळ्यात चांगला दात तोच होता, मोजणीबाई.” लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. “सरक तिकडे.”

त्याने खुर्ची टेबलाशी ओढली आणि माझे सगळे दगड बाहेर काढले. पेन्सिलीच्या खुणाही बोटाला थुंकी लावून पुसल्या.

पुढचे आठ-दहा दिवस मी कामावरून आले की चहा घेऊन खालीच थांबायचे. दादाने सर्वांत मोठा दगड मधून काढून उजवीकडे आणला, तोही पुढे, काचेजवळ, आणि थोडा कलता ठेवला. त्याच्यामागे त्याच्याहून लहान, त्याच्यामागे आणखी लहान. एकदा हातोडी घेऊन त्याने एक अख्खा दगड फोडला आणि कपच्या अगदी मागे रोवल्या. दगडांवरच्या शिरा एकाच दिशेला तिरक्या येतील असं प्रत्येकाला वळवलं. “एकाच डोंगराचे तुकडे आहेत, तर एकाच बाजूला झुकायला नकोत का?” तो म्हणाला. मधून वाळूची वाट काढली, पुढे हाताच्या पंजाएवढी, मागे काडीएवढी. पुढे जाड वाळू पसरली, मागे चाळून घेतलेली बारीक.

हे करताना तो सारखं डोकं हलवायचा. जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

“कोंबडीसारखी मान काय करताय?” वहिनी म्हणाल्या. “दाणे टाकू का?”

“टाक. पण चहाबरोबर टाक.”

डोकं हललं की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. एका डोळ्यालाही त्यावरून अंतर सांगता येतं. हे दादाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं तो शिकत होता. आणि चहा आता कपातच पडत होता, हे वहिनींच्या आणि माझ्या एकाच दिवशी लक्षात आलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही विषय काढला नाही.

मग रोपं आली, डबीत उगवलेली, गालिच्यासारखी पसरणारी, मोहरीएवढ्या पानांची. ओल्या मातीवर दादाने ती हाताने दाबली. मातीवर बशी ठेवून मी बशीवर हळूहळू पाणी ओतलं, म्हणजे माती उसळत नाही. पाणी भरलं, निवळलं, दिवा लावला. दादा आपल्या खुर्चीत बसून पाहत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल दिसला.

“अगं, ये,” त्याने वहिनींना हाक मारली. “बघ, कशी दरी झालीये. ती वाट बघ कुठवर गेलीये.”

वहिनी हात पुसत आल्या, टाकीसमोर वाकल्या. त्या खोटं बोलत नाहीत. हा त्यांचा गुण आहे आणि त्या दिवशी तो महागात पडला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण दरी म्हणजे… मागे नुसती खडी टाकल्यासारखी वाटतेय हो. वाट एकदम निमुळती होऊन काचेला टेकलीये. हो ना हो, वन्सं?”

मीही वाकून पाहिलं. तसंच दिसत होतं. एक फूट खोल टाकी, पुढे मोठे दगड, मागे कपच्या.

दादाने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

“तुम्हाला दिसत नाही,” तो म्हणाला. “म्हणजे मला जे दिसतंय ते नाहीच.”

“तसं नाही हो, मी आपलं…”

“नाही, बरोबर आहे तुझं. दगड तर दगड, मला तेसुद्धा नीट लावता येत नाहीत.” त्याने दिवा बंद केला. “मोजणीबाई, उद्या दवाखान्यावरून जाशील ना? बाईंना सांग, माणूस बघा म्हणावं. आणि तुझी दाढही करून घे दुसऱ्याकडून. उगाच माझ्यासाठी हाल नकोत.”

महिना संपायला आठ दिवस होते. वहिनी रात्री जेवल्या नाहीत. मला त्यांच्यावर रागावता येईना, कारण मीही तेच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही. अर्धी रजा टाकून दुपारी दादाच्या घरी आले. तो आत झोपला होता. वहिनी एवढंसं तोंड करून शिवणमशीनशी बसल्या होत्या. मी टाकीचा दिवा लावला आणि दादाच्या खुर्चीत बसले. पाठ खुर्चीला टेकवली, त्याच्याएवढी खाली घसरले आणि डावा डोळा तळव्याने झाकला.

एकाएकी मागची काच नाहीशी झाली. उजवीकडचा कडा उंच उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याची वाट वळण घेत दूर, फार दूर गेली. कपच्यांची टेकडी झाली, तीही मैलभर लांब. मोहरीएवढी पानं म्हणजे माथ्यावरची झाडं. मी तळवा काढला आणि सगळं झटकन एका फुटात आलं. पुन्हा झाकला. पुन्हा दरी.

कारण सोपं होतं. जवळून पाहताना दोन डोळे दोन जरा वेगळी चित्रं पाहतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून, मागची कपची ही वीतभरच मागे आहे, अशी चुगली करतात. दादाने टाकी एका डोळ्याने, दोन फुटांवरून रचली होती. चुगली करणारा तिथे कुणी नव्हताच. लहान-मोठं, जाड-बारीक, रुंद-निमुळतं या सगळ्या खुणा त्याने अचूक मांडल्या होत्या. चूक एवढीच की बाकीचे सगळे दोन डोळ्यांनी, त्याच्या खुर्चीइतक्या जवळून पाहत होते. आणि अंतर पाचपट केलं की दोन चित्रांमधला हा फरक पंचवीसपट कमी होतो.

मी उठून दारापर्यंत गेले. तीन मीटर. दोन्ही डोळे उघडे ठेवून वळले.

“वहिनी, इकडे या. इथे उभ्या राहा. आता बघा.”

वहिनी आल्या, उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

“अगं बाई! ही कुठे होती काल?”

“कालही इथेच होती. आपण फार जवळ होतो.”

“अहो!” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून अशी हाक मारली की शेजारच्यांनीही दार उघडलं असेल. “अहो, उठा! मी चुकले, माझं चुकलं. उठा आधी!”

दादा डोळे चोळत आला. त्यांनी त्याला दंडाला धरून दाराशी उभं केलं, जणू दरी त्याने पाहिलीच नव्हती. मी त्याला डोळ्यांचं गणित सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. वेटिंगरूमचं बाक स्टूलपासून साधारण तीन मीटरवरच आहे, हे त्याच्याही ध्यानात आलं.

“म्हणजे टाकी बरी झालीये,” तो म्हणाला.

“फारच बरी.”

“चांगलं झालं. पण तीन मीटरवरून दात घडवता येत नाही गं.”

टाकीकडे पाहिलं तर तिथे वेगळीच भानगड झाली होती. रोपांचे पुंजके मुळं न धरल्यामुळे सुटून वर तरंगत होते, बारा-पंधरा तरी.

“मी लावते,” मी म्हटलं. लांब चिमटा घेतला, एक पुंजका पकडला आणि पाण्यात घातला. तळ आला असं वाटलं तिथे सोडला. तो तळ नव्हताच. पुंजका वर आला. दुसरा जरा खाली नेऊन सोडला, तोही वर आला. तिसऱ्या वेळी खाली नेलं ते इतकं की मातीत खड्डा पडला आणि पाणी गढूळ झालं. पाण्यातला तळ असतो त्याहून वर दिसतो, हे मी शाळेपासून जाणते. हाताला ते कुणी सांगितलेलं नसतं.

मागून हसण्याचा आवाज आला. दादा हसत होता, पोट धरून.

“दोन डोळे, वर प्रयोगशाळा!” तो म्हणाला. “आण तो चिमटा.”

तो खुर्चीत बसला. करंगळी टाकीच्या काठावर टेकवली, चिमटा दगडाच्या अंगाला लावला आणि दगडावरूनच घसरवत खाली नेला. टोक मातीला लागलं तसं मनगट जरासं वळवलं, सोडलं आणि तिरकं बाहेर काढलं. पुंजका तिथेच राहिला. दुसरा. तिसरा. तो पाण्याकडे पाहतही नव्हता. मध्ये एकदा त्याने वहिनींना चहा टाकायला सांगितलं आणि तेवढ्यात पाचवा लावला. मी मोजत होते, सवयीने. अकरा लावले. एकही वर आला नाही.

बाराव्याला तो थांबला. चिमटा पाण्यातच होता. तो आपल्या करंगळीकडे पाहत होता.

“काम करताना माझी ही करंगळी कुठे असते?” त्याने विचारलं.

मी त्याच्या टेबलाशी शेकडो वेळा बसले आहे. “नमुन्यावर टेकलेली. शेजारच्या दातावर.”

“आणि कोपर?”

“टेबलावर.”

“त्या दिवशी नव्हतं.” तो अगदी हळू बोलत होता. “नीट दिसावं म्हणून मी नमुना उचलून उजव्या डोळ्याजवळ धरला. कोपर उचललं. दोन्ही हात हवेत. बावीस वर्षांत हवेत हात ठेवून मी कधी मेण लावलंय? दोन डोळे असते तरी थेंब बाहेरच पडला असता.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “डोळ्याला सांभाळायला गेलो आणि हाताला सोडून दिलं.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. चहा निवला तरी त्या तशाच उभ्या होत्या.

बारावा पुंजका लावून झाल्यावर दादा म्हणाला, “उद्या जरा लवकर डबा देशील का?”

“देईन की,” वहिनी म्हणाल्या आणि आत वळल्या. आतून भांड्यांचा जो आवाज आला तो एका डब्यापुरता नव्हता.

तो पहिल्या दिवशी गेला आणि एकही दात न बनवता आला. नुसता कोपर टेकवून मेणाचे थेंब टाकत बसला होता म्हणे, मोडक्या नमुन्यावर, दिवसभर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी माझ्या दाढेचं नवीन माप घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने मेणाची दाढ घडवली आणि मोडून टाकली. “नाही जमली?” मी विचारलं. “जमली होती. पण चांगली नव्हती,” तो म्हणाला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. हा माझा जुनाच दादा बोलत होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड उघडून पडले होते. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. एरवी तो कधी आत येत नाही. डॉक्टरबाईंनी तात्पुरती कॅप काढली, नवी ठेवली, दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी सरकवली. उंच असलेल्या जागी त्या कागदाचा ठळक डाग उमटतो.

“चावा. कट, कट, कट. आता घासा इकडे तिकडे.”

मी चावलं. त्यांनी कागद काढला, आरसा घातला, वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. दाराच्या चौकटीत कुणी श्वास घेत नव्हतं. तोंड उघडं असल्यामुळे मला काही विचारता येत नव्हतं, आणि डॉक्टरबाई मुद्दाम वेळ लावताहेत अशी मला शंका आली.

“एक जागा आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

“कुठे?” दादा पुढे आला.

“वरच्या दाढेला. जुनं फिलिंग आहे, माझ्याच हातचं. ते जरा उंच आहे. मला घासावं लागेल.” त्या आपल्या खुर्चीत मागे रेलल्या. “तुमचं काम ठीक आहे हो. तुमच्या टेबलावर अठ्ठावीस नमुने ठेवलेत. उद्या आठ वाजता या, नऊला नको.”

दादाने मान हलवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मागच्या खोलीत गेला.

कॅप पक्की झाल्यावर एक तास काही खायचं नव्हतं. तो तास मी वेटिंगरूममध्ये बसून काढला. टाकी आदल्या दिवशीच आणून स्टूलवर ठेवली होती. बाकावर एक बाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या आणि एकटक टाकीकडे पाहत होत्या. जरा वेळाने त्या उठल्या आणि जवळून पाहायला निघाल्या.

“बाई, बसा, बसा,” मी म्हटलं. “इथूनच बघा.”

“का हो?”

“तिथे गेलं की दरी बुजते.”

त्या बसल्या. एक तास झाला तसं मी पिशवीतून गाजर काढलं, तोंडात उजवीकडे ठेवलं आणि चावलं.